ढगाचा पत्रा, जमिनीचा पत्रा

वैशाखात पुण्याला दुपारभर ऊन तापते. सायंकाळी आभाळ भरून येते, वीज कडाडते आणि वळीव कोसळतो. ही वीज येते कुठून?

कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवा आणि कागदाच्या कपट्यांजवळ धरा. कपटे टुणकन उडून त्याला चिकटतात. घासल्यामुळे कंगव्यावर वीज आली. विजेच्या दोन जाती आहेत, धन आणि ऋण. एकाच जातीच्या विजा एकमेकींना दूर ढकलतात. वेगळ्या जातीच्या विजा एकमेकींना ओढतात.

आता धातूचे दोन सपाट पत्रे घ्या. थोडे अंतर ठेवून ते समोरासमोर धरले. एकावर धन वीज, दुसऱ्यावर ऋण वीज. मधल्या जागेत धन विजेचा कण सोडला तर तो ऋण पत्र्याकडे ओढला जातो. ऋण कण धन पत्र्याकडे जातो. कडा सोडल्या तर मध्ये कुठेही ओढ सारखीच असते. पत्र्यांवरची वीज वाढवत गेलो की ओढही वाढते. शेवटी हवेला ती सोसत नाही आणि ठिणगी पडते. एक सेंटिमीटर कोरड्या हवेतून ठिणगी पडायला सुमारे ३०,००० व्होल्ट लागतात.

आभाळातही असेच घडते. ढगात बर्फाचे कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. हलके कण धन वीज घेऊन वर जातात. जड गारा ऋण वीज घेऊन खाली राहतात. ढगाचा तळ ऋण झाला की खालची जमीन धन होते. झाले दोन पत्रे!

उंच झाड, किंवा वेताळ टेकडीच्या माथ्यावर उभा राहिलेला माणूस, म्हणजे जमिनीच्या पत्र्यातून वर आलेले टोक. टोकापाशी ओढ जास्त, म्हणून धोकाही जास्त.

तेव्हा गडगडाट ऐकताच हातचे काम टाका आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ साली स्थापन झाली. तिने तयार केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास वीज पडत असल्याची सूचना मोबाइलवर देते.

कोणावर वीज पडलीच, तर त्याला शिवायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज उरत नाही. ताबडतोब १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, भराभर दाबत राहा. वेळेवर केले तर जीव वाचू शकतो.