तिसऱ्यांवरील साथ आणि समाईक पाणी

मी कामगार चळवळीतला माणूस. प्राणिशास्त्राची पदवी मजपाशी नाही. जे वाचले ते वाचनालयाच्या बाकावर. पण ज्या रोगाने खाणाऱ्याचे काही बिघडत नाही आणि राबणाऱ्याची मात्र चूल विझते, अशा रोगाविषयी बोलण्याचा अधिकार मी मागून घेतो.

कोकणात आपण ज्यांना तिसऱ्या किंवा शिवल्या म्हणतो, त्यांच्याच कुळातले शिंपले पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, रिया फॉर्मोझा या खाजणात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूत वाफे करून वाढवतात. १९८० नंतरच्या दशकात तेथे हे शिंपले मोठ्या प्रमाणावर मरू लागले. १९८९ साली कार्लोस अझेवेदो यांनी त्यांतील परोपजीवीचे वर्णन करून त्याला ‘पर्किन्सस अटलांटिकस’ हे नाव दिले. पुढे ध्यानात आले की, १९८१ साली ऑस्ट्रेलियात एका समुद्री गोगलगाईत सापडलेला ‘पर्किन्सस ओल्सेनी’ तो हाच.

हा एकपेशीय जीव शिंपल्यात शिरतो कसा? शिंपला कल्ल्यांतून पाणी गाळतो. श्वास त्यातूनच आणि अन्नही त्यातूनच. त्या पाण्याबरोबर शत्रूही आत येतो. शिंपल्याच्या रक्तपेशी त्याला वेढा घालतात आणि कल्ल्यांवर पांढरट गाठी उठतात. जी शक्ती वाढीला आणि प्रजननाला लागायची, ती या लढाईत खर्च होते. शिंपला क्षीण होतो, वाळूत नीट रुतून बसू शकत नाही आणि अखेर मरतो. मेलेल्या मांसातला परोपजीवी जाड कवच धारण करतो. पाण्यात आल्यावर त्यातून पोहणारे शेकडो बीजाणू सुटतात. मधला दुसरा यजमान त्याला लागत नाही. शेजारचा शिंपला पुरतो. म्हणून जेथे दाटी अधिक, तेथे साथ अधिक. आणि पाणी उबदार व खारट असेल तर तिचा जोर वाढतो.

तपासणीची रीत साधी आहे. पर्किन्ससच्याच एका भाईबंदासाठी अमेरिकेत सॅमी रे यांनी ती १९५२ साली दाखवून दिली. कल्ल्याचा तुकडा विशिष्ट द्रावणात काही दिवस ठेवायचा आणि मग त्यावर आयोडीन घालायचे. परोपजीवी असेल तर निळे-काळे गोल ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

माणसाला या रोगाची बाधा होत नाही. म्हणूनच बाजारात बोंब होत नाही. कळते ते वाळू उकरणाऱ्याला, जेव्हा फावड्याखाली रिकामी कवचे लागतात.

आता ही साथ पसरते कोणामुळे? पाण्यामुळे पसरते, तशी व्यापारामुळेही. आशियाच्या किनाऱ्यावरील मनिला जातीचा शिंपला आधी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला, १९७२ साली फ्रान्समध्ये आणला गेला आणि तेथून युरोपभर लागवडीत शिरला. त्याच्याबरोबर परोपजीवीही आला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. बीज स्वस्तात मिळाले की, ते तपासून घ्यायला कोण थांबतो?

उघड्या समुद्रात औषध घालता येत नाही. उपाय सारे शिस्तीचे आहेत: बीज तपासूनच हलवावे, दाटी कमी ठेवावी, मेलेले शिंपले उचलावेत, रोगट माल स्वच्छ पाण्यात सोडू नये. जागतिक पशुआरोग्य संघटनेने हा रोग कळवण्याच्या यादीत घातला आहे, तो याचसाठी.

पण एकट्याने ही शिस्त पाळून भागत नाही. वाफ्याला कुंपण घालता येते, भरतीच्या पाण्याला नाही. शेजाऱ्याने रोगट बीज टाकले तर माझे शिंपले मरतात. म्हणून नियम सर्वांनी मिळून करायला हवेत. आणि बीज हलवण्यास किंवा माल काढण्यास बंदी घालायची झाली, तर त्या दिवसांची रोजी कोण देणार हे त्याच बैठकीत ठरायला हवे. ज्याच्या घरी संध्याकाळचे पीठ नाही, तो रोगट माल लपवणारच. त्याला दोष देण्याआधी त्याच्या भाकरीची सोय करा; मग रोगाची वर्दी तो स्वतःहून आणून देईल.