आईचा खांदा आखडलाय? ‘शॉकवेव्ह’चं पॅकेज घेण्याआधी हे वाचा

हात वर जात नाही, रात्रीची झोप नाही आणि रील्स सांगतात, ‘ऑपरेशनशिवाय बरं करू!’ घरच्यांनी विचारलं तर तुम्ही काय सांगाल?

आज घरी गेलात की आईकडे जरा नीट बघा. कपडे वाळत घालताना ती दोन्ही हात वर नेते की एकाच हाताने काम भागवते? वेणी घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, पाठीमागे हात नेताना तिचा चेहरा कसनुसा होतो का? रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही म्हणून उठून बसते का? विचारलंत तर उत्तर ठरलेलं असतं, ‘काही नाही गं, जरा लचक भरलीये. होईल बरं.’

चार महिने होतात, बरं काही होत नाही. उलट हात वर जाणंच बंद होतं. डॉक्टर म्हणतात, फ्रोझन शोल्डर. आपल्या साध्या भाषेत, खांदा आखडला.

आता घरातलं ‘सर्च खातं’ कुणाकडे? तुमच्याकडेच. तुम्ही दोन शब्द टाइप करता आणि दुसऱ्या मिनिटाला फोनवर जाहिराती सुरू. शॉकवेव्ह थेरपी! ना इंजेक्शन, ना ऑपरेशन! आई घाबरून विचारते, ‘शॉक म्हणजे करंट देतात का?’ बाबा विचारतात, ‘पैसे किती?’ दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत. पण त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे. मुळात खांद्यात झालंय काय?

आतली पिशवी आटते

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैलसर पिशवी असते. ती सैल असते म्हणूनच हात चारी बाजूंना फिरतो. फ्रोझन शोल्डरमध्ये या पिशवीला सूज येते, ती जाड होते आणि आक्रसते. नवा सुती कुर्ता पहिल्याच धुण्यात आटावा आणि काखेत आवळायला लागावा, तसं काहीसं.

हा आजार बहुतेकदा चाळिशी ते साठीच्या दरम्यान गाठतो आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. जपानी भाषेत तर त्याला ‘गोजूकाता’ म्हणजे ‘पन्नाशीचा खांदा’ असंच नाव आहे. आपण जे इंग्रजी नाव वापरतो ते अर्नेस्ट कॉडमन या अमेरिकन सर्जनने १९३४ मध्ये दिलं.

त्याचे टप्पे तीन. आधी नुसतं दुखतं. मग दुखणं जरा उतरतं, पण खांदा जखडतो. आणि मग तो हळूहळू सुटायला लागतो. या सगळ्याला एक ते तीन वर्षं लागू शकतात. बरेच जण औषध-व्यायामाने यातून बाहेर पडतात, पण काहींचा हात थोडा आखडलेलाच राहतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अनेक घरांत कुणाला माहीतच नसते. डायबेटिस असेल तर हा आजार होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांमध्येही तो जास्त आढळतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबेटिस आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे आईचा खांदा आखडलाय आणि तिने कधी शुगर तपासलेलीच नाही, तर आधी ती तपासा. कदाचित खांदाच ती बातमी सांगत असेल.

शॉक आहे, करंट नाही

आईच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. यात वीज अंगात जात नाही. शॉकवेव्ह म्हणजे दाबाची लाट. फटाका फुटल्यावर खिडकीची काच थरथरते ना, तो हवेतून आलेला धक्का असतो. मशिन तसेच छोटे, मोजून-मापून धक्के कातडीवरून आत पाठवतं.

याची गोष्ट भारी आहे. आपल्या नौदलाकडे डॉर्निअर विमानं आहेत, ऐकलं असेल. ते डिझाइन मुळात ज्या जर्मन कंपनीचं, त्या डॉर्निअरचे संशोधक अतिवेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळले की काय होतं याचा अभ्यास करत होते. त्या आघाताच्या लाटा धातूतून पुढे जातात हे दिसलं आणि त्यातून कल्पना निघाली की शरीर न उघडता आतला खडा फोडता येईल का? ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाचा मुतखडा अशा लाटांनी फोडला गेला. पुढे न जुळणारी हाडं, टाचदुखी, टेनिस एल्बो असा या तंत्राचा प्रवास झाला. अर्थात, तिथे वापरतात त्या लाटांचा जोर मुतखड्याच्या मशिनपेक्षा बराच कमी असतो आणि हेतूही वेगळा. इथे काही फोडायचं नसतं. धक्क्यांमुळे त्या जागी रक्तपुरवठा वाढावा, दुखण्याचे संदेश कमी व्हावेत आणि शरीराच्या स्वतःच्या दुरुस्तीला चालना मिळावी, अशी त्यामागची कल्पना.

मशिन दोन प्रकारची असतात. ‘फोकस्ड’ मशिनच्या लाटा आत खोलवर एका ठरावीक जागी एकवटतात. ‘रेडियल’ मशिनमध्ये दाबलेली हवा एका छोट्या धातूच्या गोळीला ढकलते, ती टोकावर आपटते आणि धक्का पसरत जातो. त्याचा जोर कातडीजवळ जास्त आणि खोल जाता जाता कमी. फिजिओच्या क्लिनिकमध्ये बहुतेकदा हेच दुसरं मशिन दिसतं.

प्रत्यक्षात काय होतं? खांद्याला जेल लावतात, मशिनचं टोक टेकवतात आणि टक-टक-टक असे साधारण दोन-एक हजार ठोके देतात. दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं. साधारण आठवड्यातून एकदा, असं तीन ते सहा वेळा. ठोके बसताना दुखतं. नंतर लाली येणं, दोन दिवस ठणकणं किंवा हिरवंनिळं होणं असं होऊ शकतं.

मग फायदा होतो का?

होतो, असं बरेच अभ्यास म्हणतात. दुखणं कमी झालं, हात थोडा जास्त वर जायला लागला, असं त्यांत दिसलंय. पण हे अभ्यास छोटे आहेत. प्रत्येकात मशिन वेगळं, ठोके वेगळे आणि रुग्णांवर लक्ष ठेवलं तेही बहुधा काही महिनेच. अमेरिकेच्या एफडीएने शॉकवेव्ह मशिनला २००० मध्ये मान्यता दिली ती टाचदुखीसाठी आणि २००३ मध्ये टेनिस एल्बोसाठी. आखडलेल्या खांद्यासाठी नव्हे.

त्यामुळे शॉकवेव्ह ही मदतनीस आहे, जादूची कांडी नाही. व्यायामाच्या जोडीला ती घ्यायला हरकत नाही, व्यायामाच्या ऐवजी नको. एका गटासाठी मात्र तिचा विचार जरूर व्हावा. सुरुवातीच्या दुखण्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन चांगला आराम देतं, पण डायबेटिस असेल तर त्यानंतर काही दिवस शुगर वाढू शकते. शुगर आधीच हाताबाहेर असेल तर शॉकवेव्हबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं.

आणि ‘ऑपरेशन टाळा’ म्हणून घाबरवणाऱ्या जाहिरातींबद्दल. ब्रिटनमध्ये ३५ हॉस्पिटलांमधल्या ५०३ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. ती २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आली. भूल देऊन खांदा मोकळा करणं, दुर्बिणीतून ऑपरेशन आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी या तिघांची तुलना होती. वर्षभरानंतर कुठलाच उपाय बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. म्हणजे घाईघाईने ऑपरेशन नको, हे खरं. पण त्या भीतीने महागडं पॅकेज घ्यायची घाईही नको.

पैसे भरण्याआधी विचारा

• हा फ्रोझन शोल्डरच आहे हे कुणी ठरवलं? खांदेदुखीची कारणं अनेक. फ्रोझन शोल्डरमध्ये आपण हात उचलू शकत नाहीच, पण दुसऱ्याने उचलायचा प्रयत्न केला तरी तो अडतो. कोपर अंगाला टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवणं तर लवकरच बंद होतं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी तपासू द्या.

• मशिन फोकस्ड आहे की रेडियल? किती वेळा घ्यायचं आणि फरक पडला नाही तर थांबायचं कधी? दहा सेशनचे पैसे आधीच मागत असतील तर सरळ सांगा, आधी दोन-तीन बघू.

• रक्त पातळ होण्याची गोळी, रक्त न गोठण्याचा आजार, पेसमेकर, गरोदरपण, कॅन्सर, नुकतंच घेतलेलं इंजेक्शन, यातलं काहीही असेल तर आधीच सांगा.

• सोबत व्यायाम शिकवणार का? उत्तर ‘गरज नाही’ असेल तर तिथून उठा.

एक इशारा. डाव्या खांद्यात अचानक कळ, सोबत छातीत दडपण, घाम, धाप असं काही असेल तर ते फ्रोझन शोल्डर समजू नका. थेट हॉस्पिटल गाठा.

आता तुमचं काम

‘मोकळा करून देतो’ म्हणत हात झटकन ओढणाऱ्या मालिशवाल्यांपासून आईला लांब ठेवा. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांचा दोन वर्षं अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणं सोसून जोरात ताणणाऱ्यांपेक्षा दुखेल तिथे थांबून हलका व्यायाम करणाऱ्यांचा खांदा जास्त चांगला सुटला.

व्यायाम साधेच असतात. टेबलाला धरून वाकायचं आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. काठी दोन्ही हातांत धरून चांगल्या हाताने दुखरा हात हळूच बाहेर ढकलायचा. आधी गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. कुठला व्यायाम किती वेळा, ते फिजिओ ठरवून देतील.

अवघड आहे ते रोज करणं, तेही महिनोन् महिने. आईकडे स्वतःसाठी वेळ नसतो. पोळ्या, डबे, ऑफिस, आजीची औषधं यांत तिचा व्यायाम रोज उद्यावर जातो. तिथे तुम्ही उपयोगी पडता. फोनवर गजर लावा. भिंतीवर तिची बोटं पोहोचतात तिथे पेन्सिलने खूण करा आणि बाजूला तारीख लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा करा. आणि खांदा सुटेपर्यंत कपडे वाळत घालायचं काम तुमच्याकडे घ्या. त्याला कुठलंही मशिन लागत नाही.