गर्दी : पाणी की धान्य?

शाळा सुटल्याची घंटा होते आणि मुलांचा लोंढा जिन्याकडे धावतो. लोंढा, ओघ, पूर हे आपले शब्द गर्दीला पाणी मानतात. हे कितपत खरे, ते आपण तपासून पाहू.

नदीचे पात्र अरुंद झाले की पाण्याचा वेग वाढतो. रुंद भागातून जितके पाणी येते, तितकेच अरुंद भागातून पुढे जावे लागते. म्हणून ते भरभर वाहते. माणसांचे उलट होते. दाटी वाढली की पावले आखूड पडतात, वेग घटतो. दर सेकंदाला दारातून किती माणसे जातील हे दाटी, वेग आणि दाराची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरते. एका मर्यादेपलीकडे दाटी वाढली, तर वेग इतका कमी होतो की गुणाकारही घटू लागतो.

मग गर्दी कशासारखी वाहते? एक प्रयोग करू. पुठ्ठ्याचे नरसाळे करून त्याचे तोंड हरभऱ्याच्या दाण्याच्या दुप्पट रुंद ठेवा आणि त्यात हरभरे ओता. थोडे दाणे पडतात आणि प्रवाह थांबतो. तोंडाशी दाणे एकमेकांना रेटून कमान करतात. वरून दाबले तर कमान अधिकच घट्ट होते. नरसाळ्याला टिचकी मारली की ती मोडते. दारात रेटारेटी करणारी माणसेही अशीच कमान करतात. हेल्बिंग, फारकाश आणि विचेक या शास्त्रज्ञांनी २००० साली संगणकावर गर्दीचे प्रारूप तयार करून दाखवले, की प्रत्येकाने अधिक घाई केली तर दार रिकामे व्हायला अधिक वेळ लागतो.

याहून गंभीर गोष्ट अशी, की पुढे वाट अडली आहे हे मागच्याला कळत नाही. तो पुढे सरकतच राहतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ जणांचा मृत्यू झाला. पावसामुळे लोक पुलावर थांबले होते आणि गाड्यांमधून नवे प्रवासी येतच होते. अशा वेळी माणसे मुख्यतः तुडवली जाऊन नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने मरतात. त्याला ‘बेशिस्त’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण दोष बहुधा वाटेच्या रुंदीत आणि आत येणाऱ्या ओघात असतो.

तेव्हा जिन्यावरच्या मुलांना रागावण्याआधी आपण काही गोष्टी करू शकतो. सगळे वर्ग एकदम न सोडता दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडावेत. जिन्याच्या वळणावर बाके, कुंड्या ठेवू नयेत. आणि एक शिक्षक जिन्याच्या खाली, एक वर उभा असावा. खालच्याने हात वर केला की वरच्याने मुलांना थांबवायचे. दाण्यांना पुढची बातमी मागे पोचवता येत नाही, आपल्याला येते.