कार्ड जळाले की नुसते गप्प बसले?

एका गावातल्या माध्यमिक शाळेला कोणीतरी सहा जुने लॅपटॉप भेट दिले. त्यांच्यावरची विंडोज फारच जुनी झाली होती, म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी नववीच्या मुलांना हाताशी धरून त्यांवर लिनक्स चढवले. पाच लॅपटॉप सुरळीत चालू लागले. सहाव्यात पडदा, आवाज, कळफलक सगळे ठीक होते. फक्त वाय-फाय नव्हते. शेजारच्या लॅपटॉपवर शाळेच्या वाय-फायचे नाव दिसे, याच्यावर मात्र नावांची यादीच रिकामी. दुरुस्तीवाल्याने सांगितले, "कार्ड जळालंय." दुसरे कोणी म्हणाले, "लिनक्सवर हे चालतच नाही." लॅपटॉप भंगारात जाणार होता. त्याआधी बाई तो घेऊन आमच्याकडे आल्या. सोबत दोन मुलेही होती.

ही दोन्ही विधाने निदानासारखी वाटतात, पण त्यांच्यामागे एकही निरीक्षण नव्हते. 'वाय-फाय लागत नाही' हे एक लक्षण आहे. ताप हे जसे लक्षण, तसेच. त्याची कारणे अनेक असू शकतात आणि ती एकाच वेळी एकाहून अधिकही असू शकतात. म्हणून आम्ही मुलांना आधी एक वही काढायला लावली आणि वाय-फाय चालण्यासाठी काय काय घडावे लागते, हे पायऱ्यापायऱ्यांनी लिहून काढले.

पहिली पायरी : कार्ड दिसते का?

लॅपटॉपमधले वाय-फाय कार्ड म्हणजे बोटभर लांबीची एक पट्टी. तिच्यावर रेडिओलहरी पाठवणारी आणि घेणारी चिप असते. ही पट्टी बहुधा पीसीआय नावाच्या मार्गाने मुख्य संगणकाला जोडलेली असते. या मार्गावरच्या प्रत्येक उपकरणाला विचारल्यावर आपली ओळख सांगावीच लागते. ही ओळख दोन आकड्यांची असते : पहिला कंपनीचा, दुसरा त्या नमुन्याचा. प्रत्येक आकडा सोळाच्या पायावरचा, चार अंकी. इंटेल कंपनीचा क्रमांक आहे ८०८६, म्हणजे तिच्या १९७८ मधल्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच आकडा. ब्रॉडकॉमचा आहे १४ई४. गणिताच्या तासाला सोळाच्या पायावरची संख्यापद्धती कशासाठी शिकायची, असे मुलांनी विचारले तर हे उदाहरण हाताशी ठेवावे.

लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' ही आज्ञा दिली की अशा सर्व उपकरणांची यादी मिळते. (या लेखातल्या आज्ञा रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या.) आमच्या यादीत वाय-फाय कार्ड आपल्या नावानिशी हजर होते. पूर्ण जळालेले कार्ड सहसा स्वतःची ओळख सांगत नाही. म्हणजे पहिल्याच निरीक्षणाने दुरुस्तीवाल्याच्या निदानाला मोठा धक्का दिला.

दुसरी पायरी : त्याची भाषा कोणाला येते का?

कार्ड दिसले म्हणजे वापरता आले असे नाही. कोणत्या चिपला कोणत्या क्रमाने काय सांगायचे, हे प्रत्येक नमुन्याचे वेगळे असते. हे जाणणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर गाभ्याबरोबरच, म्हणजे कर्नलबरोबरच, येतात. कर्नल ओळखीचे आकडे वाचतो आणि त्यांना जुळणारा ड्रायव्हर शोधतो.

हे ड्रायव्हर लिहिणे नेहमी सोपे नव्हते. ब्रॉडकॉमच्या चिपांचा इतिहास सांगण्यासारखा आहे. एके काळी या चिपा कशा चालवायच्या याची माहिती कंपनीने खुली केलेली नव्हती. तेव्हा काही स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीची तयार आज्ञावली उलगडून ती चिपशी काय बोलते, त्याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने कंपनीची आज्ञावली न पाहता, केवळ ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही काळजी. असा ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत आला. पुढे २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. 'लिनक्सवर चालत नाही' या वाक्याचा खरा अर्थ पुष्कळदा 'माहिती मिळाली नाही' एवढाच असतो.

'एलएसपीसीआय'ला उणे चिन्ह आणि के हे अक्षर जोडले की कोणत्या उपकरणाला कोणता ड्रायव्हर लागला आहे तेही दिसते. आमच्या कार्डासमोर ड्रायव्हरचे नाव होते. दुसरी पायरीही पार झाली.

तिसरी पायरी : कार्डाला त्याचे काम माहीत आहे का?

इथे मुलांनी चांगला प्रश्न विचारला : "सर, ड्रायव्हर आहे, कार्ड आहे, मग आणखी काय लागतं?"

वाय-फायमध्ये एका यंत्राने माहितीचा तुकडा पाठवला की दुसऱ्याने 'पोचला' अशी पावती द्यायची असते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तुकडा संपल्यापासून ही पावती सुरू होईपर्यंतचे अंतर ठरलेले आहे : १० मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश सुमारे ३ किलोमीटर जातो. लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर एकाच वेळी पन्नास कामांत गुंतलेला असतो. दर वेळी इतक्या नेमक्या क्षणी तो उत्तर देईल याचा भरवसा नाही. म्हणून बहुतेक कार्डांवर स्वतंत्र छोटा प्रोसेसर असतो. त्याने चालवायची आज्ञावली म्हणजे फर्मवेअर.

पुष्कळ कार्डांवर हे फर्मवेअर कायमचे साठवलेले नसते. दर वेळी लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर ते डिस्कवरून उचलतो आणि कार्डाच्या स्मृतीत भरतो. वीज गेली की कार्ड सगळे विसरते. ड्रायव्हर खुला असला तरी फर्मवेअर हे बहुधा कंपनीच्या मालकीचे, आतली रचना न सांगता दिलेले असते. म्हणून काही लिनक्स वितरणे ते आपल्याबरोबर देत नसत. डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान करून हा नियम बदलला आणि २०२३ मधल्या डेबियन १२ पासून त्याच्या अधिकृत स्थापना-संचात असे फर्मवेअर येऊ लागले.

कर्नल सुरू झाल्यापासून काय काय झाले याची रोजनिशी लिहीत असतो. 'डीएमईएसजी' या आज्ञेने ती वाचता येते. (काही ठिकाणी त्यासाठी व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो.) आमच्या रोजनिशीत एक ओळ सापडली : फर्मवेअर भरता आले नाही, चूक क्रमांक उणे २. लिनक्समध्ये दोन क्रमांकाच्या चुकीचा अर्थ 'अशी फाइल नाही'. कार्ड जळाले नव्हते. त्याला काम सांगणारी फाइल डिस्कवर नव्हती.

आता पंचाईत अशी की फाइल आणायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी फाइल हवी. यावर सोपा उपाय म्हणजे मोबाइल फोन यूएसबीच्या तारेने लॅपटॉपला जोडायचा आणि फोनचे इंटरनेट त्यातून घ्यायचे. मग आपल्या वितरणाच्या अधिकृत भांडारातूनच फर्मवेअर बसवायचे. कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून ते घेऊ नये.

मुलांनी फर्मवेअर बसवले आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. यादी अजूनही रिकामीच! मुलांचे चेहरे उतरले. "म्हणजे आपलं चुकलं," एकजण म्हणाला.

चौथी पायरी : रेडिओ बंद तर नाही?

खरेच चुकले होते का? आम्ही त्यांना रोजनिशी पुन्हा वाचायला लावली. उणे दोनची ओळ नाहीशी झाली होती आणि फर्मवेअर भरल्याची नोंद आली होती. म्हणजे केलेला बदल योग्यच होता. फक्त त्याचा परिणाम शेवटी दिसत नव्हता.

वर्गात आपण विजेची मंडले करतो. मंडलात घट उतरलेला असेल आणि कळही उघडी असेल, तर नुसता घट बदलून दिवा लागत नाही. म्हणून 'घट ठीकच होता' असा निष्कर्ष कोणी काढला तर तो चुकीचा ठरेल. एकापाठोपाठ जोडलेल्या पायऱ्यांत दोन दोष असले की केवळ दिव्याकडे पाहून चालत नाही. प्रत्येक टप्पा वेगळा तपासावा लागतो.

'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा रेडिओ बंद आहे का ते सांगते. बंदी दोन प्रकारची असते. एक आज्ञावलीने घातलेली. ती आज्ञावलीनेच उठते. दुसरी प्रत्यक्ष बटणाची. तिच्यापुढे कोणतीही आज्ञा चालत नाही. आमच्या कार्डावर दुसऱ्या प्रकारची बंदी होती. मग शोधाशोध. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला, झिजून रंग उडालेली एक बारीक सरकपट्टी सापडली. दप्तरातून नेता-आणताना ती सरकली असावी. मुलीने नखाने ती ढकलली आणि दोन-तीन सेकंदांत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायची नावे एकाखाली एक उमटली.

पाचवी पायरी : जोडणी

यापुढे पासवर्ड, संकेतन आणि पत्ता मिळणे एवढेच उरते. तरीही एखादे विशिष्ट नाव दिसत नसेल तर वाहिनी तपासावी. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वाहिनी क्र. १ ही २४१२ मेगाहर्ट्झवर आणि पुढची प्रत्येक वाहिनी ५ मेगाहर्ट्झ वर असते. तेरावी २४७२ वर. भारतात तेराही वापरता येतात, तर अमेरिकेच्या नियमाने चालणारी कार्डे बहुधा अकरावर थांबतात. लॅपटॉपवर देश चुकीचा नोंदला असेल तर तेराव्या वाहिनीवरचे वाय-फाय त्याच्यापुरते नसल्यासारखेच.

वर्गासाठी

आपल्या शाळेतही असा एखादा गप्प बसलेला संगणक असेल. तो भंगारात देण्याआधी मुलांना वहीत चार रकाने आखायला सांगा : पायरी, तपासण्याची आज्ञा, काय दिसले, त्यावरून काय ठरले. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर रोजनिशी पुन्हा वाचायची. तिसऱ्या रकान्यात फक्त जे दिसले तेच लिहायचे, जे वाटले ते नाही. हा नियम पाळणे मुलांना सर्वांत जड जाते, असा आमचा अनुभव आहे.

तो सहावा लॅपटॉप आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. त्याच्या कडेच्या सरकपट्टीपाशी मुलांनी एक कागद चिकटवला आहे : 'आधी हे बघा.'