चित्र जागेवर, तरी चौकोन रिकामा!

शाळेच्या संकेतस्थळावर पुष्कळदा असे आढळते. मुखपृष्ठावर शाळेचे बोधचिन्ह नीट दिसते. तेथून आपण विज्ञानाच्या एखाद्या पाठाकडे गेलो, की वरची पट्टी येते, पण बोधचिन्हाच्या जागी रिकामा चौकोन असतो. पट्टीतील दुव्यावर टिचकी मारली तर ‘४०४’ हा आकडा दिसतो. म्हणजे मागितलेली वस्तू सर्व्हरला सापडली नाही. चित्राची फाइल जागेवर आहे, पट्टीही सगळीकडे एकच आहे. मग असे का व्हावे?

समजा, पाचवीच्या वर्गावर ‘पिण्याचे पाणी शेजारच्या खोलीत’ अशी सूचना लावली. तेथे ती बरोबर आहे. तिच्याच प्रती सर्व वर्गांवर चिकटवल्या, तर बहुतेक मुले भलत्याच खोलीत जातील. सूचनेतले एक अक्षरही बदललेले नाही. बदलली ती वाचणाऱ्याची जागा. त्याऐवजी ‘मुख्य दारातून आत आल्यावर उजवीकडची पहिली खोली’ असे लिहिले, तर ती सूचना कोठेही लावता येईल.

ब्राउझर पत्ता कसा पुरा करतो?

संकेतस्थळाचे पत्ते झाडाच्या फांद्यांसारखे रचलेले असतात. सोयीसाठी नावे मराठीत घेऊ. मुळाशी मुखपृष्ठ आणि ‘चित्रे’ नावाचे फोल्डर आहे. भिंगांच्या पाठाचा पत्ता ‘/विज्ञान/प्रकाश/भिंगे’ असा आहे. वरची पट्टी एका वेगळ्या फाइलीत एकदाच लिहिलेली असते आणि सर्व्हर ती प्रत्येक पानात जोडून पाठवतो. ती बाहेरून आली आहे, हे ब्राउझरला कळत नाही.

पट्टीत चित्राचा पत्ता ‘चित्रे/बोधचिन्ह’ असा लिहिला आहे. हा सापेक्ष पत्ता झाला. ब्राउझर उघडलेल्या पानाच्या पत्त्यातून शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचा भाग काढतो आणि तेथे हा पत्ता जोडतो. मुखपृष्ठावर उत्तर येते ‘/चित्रे/बोधचिन्ह’. पाठावर मात्र येते ‘/विज्ञान/प्रकाश/चित्रे/बोधचिन्ह’. असे फोल्डर अस्तित्वातच नाही.

फसवी दुरुस्ती

दोन टिंबे म्हणजे ‘एक पायरी वर जा’. म्हणून पुष्कळ जण पट्टीत ‘../../चित्रे/बोधचिन्ह’ असा बदल करतात. भिंगांचा पाठ लगेच सुधारतो. मुखपृष्ठही बिघडत नाही. तेथून वर जायला जागाच नसते आणि पत्ते पुरे करण्याच्या नियमांप्रमाणे (आरएफसी ३९८६, वर्ष २००५) अशी जादा टिंबे सोडून दिली जातात. पण ‘/विज्ञान/प्रकाश/प्रयोग/आरसा’ या पानावरून दोन पायऱ्या वर गेल्यास आपण ‘/विज्ञान/’ येथेच थांबतो आणि चित्र पुन्हा गायब होते. मुखपृष्ठ तपासणाऱ्याला हा दोष दिसत नाही. तो दिसतो खोलवरच्या पाठापर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याला, आणि पट्टीतले दुवेही तुटल्याने त्याची परतीची वाट बंद होते.

खरा उपाय

पत्ता मुळापासून लिहावा: ‘/चित्रे/बोधचिन्ह’. आरंभीची तिरकी रेघ म्हणजे आपल्या सूचनेतील मुख्य दार. कोणत्याही पानावरून वाचला तरी या पत्त्याचा अर्थ एकच निघतो.

यालाही एक मर्यादा आहे. संपूर्ण संकेतस्थळ दुसऱ्या संकेतस्थळाच्या ‘/शाळा/’ या फोल्डरात ठेवले, तर मुख्य दार दुसऱ्याचे होते. अशा वेळी ‘/शाळा’ हा आरंभीचा भाग एकाच ठिकाणी नोंदवून ठेवावा आणि पट्टी तयार करणाऱ्या प्रोग्रॅमने तो प्रत्येक पत्त्याआधी लावावा. एचटीएमएलमधील ‘बेस’ ही खूणही सर्व सापेक्ष पत्त्यांचा आरंभ ठरवते. मात्र ती पानातल्या पानात उडी मारणाऱ्या दुव्यांनाही लागू होते, म्हणून जपून वापरावी.

पट्टीची फाइल शोधून जोडणारा सर्व्हर हा दुसरा वाचक आहे, हेही विसरू नये. तो संकेतस्थळाचे पत्ते वाचत नाही, डिस्कवरचे वाचतो. पीएचपी भाषेत जोडायच्या फाइलीचा मार्ग तिरक्या रेघेने सुरू केला, तर त्याचा अर्थ संपूर्ण डिस्कचे मूळ असा होतो. तेथे ‘ही ओळ ज्या फाइलीत लिहिली आहे, तिचे फोल्डर’ असे सांगणारा स्थिरांक वापरावा. तो २००९ मधील ५.३ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. याउलट, पानांची सजावट सांगणाऱ्या सीएसएस फाइलीतले चित्रांचे पत्ते त्या फाइलीच्याच जागेवरून मोजले जातात. म्हणून पान कितीही खोल असले तरी ते तुटत नाहीत.

थोडक्यात, तुटलेला पत्ता दुरुस्त करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: तो कोण वाचतो, आणि कोठून वाचतो?

वर्गात विचारण्यासाठी

पानात ‘आकृती’ एवढाच पत्ता आहे. पान ‘/विज्ञान/प्रकाश’ असे उघडले तर ब्राउझर कोठे शोधेल? आणि ‘/विज्ञान/प्रकाश/’ असे उघडले तर?

(उत्तर: पहिल्या वेळी ‘/विज्ञान/आकृती’, दुसऱ्या वेळी ‘/विज्ञान/प्रकाश/आकृती’. फरक फक्त शेवटच्या एका तिरक्या रेघेचा!)