माळवद, स्लॅब आणि हाय-फाय

घरी बसून चांगले संगीत ऐकण्याची हौस असलेली माणसे तालुक्याच्या गावीही सापडतात. ती एकत्र आली की बोलणे अॅम्प्लिफायरचे वॉट, स्पीकरचे इंच, टर्नटेबलची सुई आणि वायरची जाडी यांभोवती फिरते. हा सगळा संच ज्या खोलीत मांडायचा, तिच्याविषयी मात्र फारसे कुणी विचारत नाही. माझ्या मते ध्वनिसंचाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ती खोलीच. धाराशिव जिल्ह्यात हा मुद्दा अधिक लागू पडतो, कारण इथल्या घरांची जातच एका पिढीत बदलली.

स्पीकरमधून निघालेला आवाज आपल्या कानांवर दोन वाटांनी येतो. एक सरळ, दुसरी भिंती, छत आणि फरशीवर आपटून. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दहा फुटांची खोली तो नऊ मिलिसेकंदांत ओलांडतो, म्हणजे एका सेकंदात शंभराहून अधिक वेळा भिंतीवर आदळतो. घोटलेला सिमेंटचा गिलावा किंवा फरशी दर धडकेत दोन-तीन टक्केच ध्वनी शोषते. उरलेला फिरत राहतो. गायिकेने एक शब्द संपवून दुसरा उच्चारला, तरी पहिला अजून खोलीत असतो. शब्द पुसट होतात, तानेतले स्वर एकमेकांत मिसळतात, आणि आपण दोष स्पीकरला देतो.

या मागे राहणाऱ्या नादाचे गणित वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने मांडले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कळेना, म्हणून ते काम त्याच्याकडे आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि घड्याळ लावून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. गाद्या वाढवल्या की वेळ कमी होई. त्यातून निघालेला नियम सोपा आहे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. उत्तर येते तो निनादकाल, सेकंदांत. मोठी खोली जास्त घुमते, मऊ वस्तूंनी भरलेली कमी.

आता आपल्या घरांकडे येऊ. माझे बालपण उमरगा तालुक्यातल्या माळवदात गेले. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब आणि तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर, खाली शेणाने सारवलेली जमीन. रेडिओ देवळीत असे. आज विचार करतो तेव्हा त्या घरात बोल इतके स्वच्छ का ऐकू येत, हे कळते. मातीचा खडबडीत, सच्छिद्र लेप घोटलेल्या सिमेंटपेक्षा काहीसा जास्त ध्वनी शोषतो. तुळयांमुळे छत सपाट नसते, त्यामुळे परतणारा ध्वनी एकाच दिशेने न येता विखुरतो. शिवाय घरात धान्याची पोती, कणगी, घड्या घालून रचलेल्या गोधड्या आणि माणसे. सबाइनने गाद्या आणल्या, आमच्याकडे त्या आधीच होत्या.

पण माळवदाचे गोडवे गाताना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. अनंत चतुर्दशीची रात्र संपत होती. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसे गेली. आमच्या बाजूला सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि छतावरची टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. कानाला सुखावणारा तोच जडपणा जिवावर उठला. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, आणि इतर गावांतही ज्याला जमले त्याने माळवद उतरवून सिमेंटचे घर बांधले. हा बदल योग्यच होता. ऐकण्यासाठी कुणी माळवदात परत जावे, असे मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच की सुरक्षित घरात नीट ऐकायचे कसे.

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची स्लॅबची खोली घ्या. घनफळ सुमारे ३४ घनमीटर. सर्व पृष्ठभाग मिळून ६३ चौरस मीटर. शोषण तीन टक्के धरले तर एकूण शोषण १.९ येते आणि निनादकाल जवळजवळ तीन सेकंद. घरगुती ऐकण्याला तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा. खोलीत चार माणसे बसवा. एक माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटरइतके शोषण देतो, म्हणजे शोषण दुप्पट झाले आणि निनाद निम्म्यावर आला. चौघांत बसून ऐकलेले गाणे अधिक गोड लागते, त्याला सोबतीखेरीज हेही एक कारण आहे.

खर्जाची गोष्ट वेगळी. दहा फुटी अंतरात ५६ हर्ट्झचा आणि बारा फुटीत ४७ हर्ट्झचा नाद अडकून फुगतो, तसेच त्यांच्या दुप्पट कंपनांचेही. डग्ग्याचा घुमारा साधारण याच टापूतला. म्हणून एका जागी तो ढगासारखा गडगडतो, तर दोन हात सरकले की गायब होतो. लांबी, रुंदी आणि उंची यांतली दोन मापे सारखी असली तर त्रास वाढतो. आपल्या दहा फुटी छताच्या खोल्यांत हे नेहमीचे.

उपाय खिशाला परवडणारे आहेत. खोलीत टाळी वाजवा. झणकार ऐकू आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींपैकी एक झाका. जुनी जाड गोधडी भिंतीला चिकटवून न लावता चार बोटे पुढे टांगा, मागच्या पोकळीमुळे ती खालच्या स्वरांनाही धरते. जमिनीवर सतरंजी घाला. पुस्तकांचे उघडे कपाट ध्वनी विखुरते. अंड्यांच्या ट्रेने भिंती मढवण्याचा फायदा जवळजवळ नाही. पातळ पडदा फक्त तार स्वर खातो, खर्ज तसाच ठेवतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या. त्यांचे तोंड बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणा आणि दोन स्पीकर व आपण मिळून समभुज त्रिकोण साधा. आपली खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा मागच्या भिंतीला टेकून नको.

एवढे करून पाहावे आणि मगच नवा अॅम्प्लिफायर घ्यायचा का ते ठरवावे. माझ्या स्लॅबच्या खोलीत आईने शिवलेल्या तीन गोधड्या भिंतीवर आहेत. पाहुणे त्यांना सजावट समजतात. मला त्यांच्यामुळे तंबोऱ्याची जोडी वेगवेगळी ऐकू येते.