गाण्याआधीची जाहिरात आणि मधली फट

खान्देशातल्या पिंपळनेरच्या मोबाइल दुकानांत एक प्रश्न अधूनमधून कानावर पडतोच: "दादा, यूट्यूबवरनी जाहिरात बंद करता येस का?" उत्तर माणूस कशावर पाहतो यावर अवलंबून असतं. फोनवरच्या यूट्यूब अॅपमध्ये सरळ मार्ग एकच, पैसे भरणं. संगणकावर मात्र ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं जोड-साधन (एक्स्टेन्शन), म्हणजे अॅडब्लॉकर बसवता येतो, आणि गेली काही वर्षं यूट्यूब त्याच्याच मागे हात धुऊन लागलं आहे. हे भांडण समजून घ्यायचं तर गाण्यावर बोट लावल्यापासून गाणं सुरू होईपर्यंत काय घडतं, ते आधी पाहायला हवं.

समजा, विनोद कुमावत यांचं 'हाई झुमका वाली पोर' लावलं. खान्देशाबाहेरही कोट्यवधी वेळा पाहिलं गेलेलं अहिराणी गाणं. क्लिक केल्यावर सर्व्हरकडून लगेच गाणं येत नाही. आधी माहितीचा एक लांबलचक मजकूर येतो. गाण्याचं नाव काय, लांबी किती, चित्र कोणकोणत्या दर्जात मिळेल, ते कुठून उचलायचं, हे सगळं त्यात असतं. त्याच मजकुरात जाहिरातींचाही एक भाग असतो: कोणती दाखवायची आणि कितव्या सेकंदाला. ती जागा कोणत्या जाहिरातदाराला मिळणार, याचा लिलाव डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकलेला असतो. पानावरचा प्लेअर हा मजकूर वाचतो, आधी जाहिरात आणतो, मग गाणं. म्हणजे जाहिरात गाण्याच्या फाइलमध्ये नसते. दोन्ही वेगवेगळ्या येतात आणि एकामागे एक लावल्या जातात. अॅडब्लॉकर शिरतो तो या फटीतून.

त्याची जुनी पद्धत साधी आहे. जाहिराती पुरवणाऱ्या पत्त्यांची यादी ठेवायची आणि तिकडे जाणारी मागणी अडवायची. 'ईझीलिस्ट' नावाची अशी यादी २००५ पासून चालत आली आहे आणि स्वयंसेवक ती रोज दुरुस्त करतात. बातम्यांच्या संकेतस्थळांवर एवढ्याने भागतं. यूट्यूबवर भागत नाही, कारण जाहिरातीचा व्हिडिओ आणि गाण्याचा व्हिडिओ एकाच पत्त्यावरून, 'गूगलव्हिडिओ'वरून येतात. पत्ता अडवला तर गाणंही अडेल. फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' बदलून काही अॅपमधल्या जाहिराती जातात, पण यूट्यूबच्या तशाच राहतात, त्याचं कारण हेच. म्हणून इथे अॅडब्लॉकर दुसरी युक्ती करतो. पान उघडतानाच तो आपला छोटा प्रोग्राम आत सोडतो आणि सर्व्हरचा मजकूर प्लेअरच्या हाती पडण्याआधी त्यातला जाहिरातींचा भाग कापून टाकतो. प्लेअरला वाटतं आज जाहिरात नाहीच, आणि तो सरळ गाणं लावतो.

२०२३ च्या उन्हाळ्यात यूट्यूबने उलट चाल केली. जाहिरात खरंच सुरू झाली का, पूर्ण झाली का, याचे संकेत प्लेअर सर्व्हरकडे पाठवत असतो. ते आले नाहीत, किंवा पानावर छेडछाड झालेली दिसली, की पडद्यावर चौकट झळकू लागली: अॅडब्लॉकर आमच्या अटींत बसत नाही, तीन व्हिडिओंनंतर प्लेअर बंद होईल. त्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही मोहीम जगभर पसरली. यादीवाले ही तपासणी चुकवणारी दुरुस्ती काढत, यूट्यूब तपासणीच बदलत असे, आणि हे एका दिवसात अनेकदा चाले. युरोपात अलेक्झांडर हॅनफ या गोपनीयता-कार्यकर्त्याने आयर्लंडच्या नियामकाकडे तक्रार केली की ही तपासणीच संमतीशिवाय प्रेक्षकाच्या यंत्रात डोकावते. मुद्दा बिनतोड नसेल, पण हसण्यावारी नेण्यासारखाही नाही.

दुसरा घाव यूट्यूबची मालक गूगल हिच्याच क्रोम ब्राउझरच्या बाजूने बसला. पूर्वी क्रोम प्रत्येक मागणी एक्स्टेन्शनपुढे ठेवायचा आणि ती जाऊ द्यायची की अडवायची हे एक्स्टेन्शन ठरवायचं. नव्या नियमावलीत, म्हणजे 'मॅनिफेस्ट व्ही३'मध्ये, एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच देऊन ठेवायची आणि निर्णय ब्राउझरने घ्यायचा. रेमंड हिल यांचा 'यूब्लॉक ओरिजिन' हा अॅडब्लॉकर त्यामुळे २०२५ मध्ये क्रोमवरून गेला. तिथे त्याची 'लाइट' आवृत्ती उरली, फायरफॉक्सवर मूळचा अजून चालतो. गूगलने कारण सुरक्षिततेचं दिलं आणि ते सगळं खोटं नाही, कारण वाईट हेतूचं एक्स्टेन्शन पूर्वी तुमची प्रत्येक मागणी वाचू शकत होतं. पण जाहिरात विकणारा, व्हिडिओ दाखवणारा आणि ब्राउझर बनवणारा मालक एकच असल्यावर त्याच्या सुरक्षेच्या गप्पा कोण निमूट ऐकेल? शिवाय खोट्या जाहिरातींतून होणारी फसवणूक टाळायला अॅडब्लॉकर वापरा, असा सल्ला अमेरिकेच्या एफबीआयनेच डिसेंबर २०२२ मध्ये दिला होता.

तिसरी चाल सगळ्यात अवघड. २०२४ च्या जूनमध्ये यूट्यूबने जाहिरात सर्व्हरवरच व्हिडिओच्या प्रवाहात शिवून पाठवण्याचा प्रयोग सुरू केला. आधी बाजरीचं पोतं वेगळं आणि खड्यांची पिशवी वेगळी यायची, पिशवी दारातच नाकारता यायची. आता खडे बाजरीतच मिसळलेले. मात्र यात यूट्यूबचीही अडचण आहे. मध्ये जाहिरात घुसली की व्हिडिओतले पुढचे सगळे मिनिट-सेकंद सरकतात. म्हणून जाहिरात कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे प्लेअरला कुठल्या तरी रूपात सांगावंच लागतं, आणि तोच धागा अॅडब्लॉकरवाले शोधत बसतात.

या झटापटीचा भलताच परिणाम ऑगस्ट २०२५ मध्ये दिसला. अनेक चॅनेलांचे संगणकावरचे व्ह्यूज एकाएकी घसरले. याद्यांमधल्या एका नव्या नियमाने व्ह्यू मोजणारा संकेतही अडवला जात होता, असं निरीक्षण पुढे आलं. अॅडब्लॉकरसारख्या साधनांमुळे मोजणीत फरक पडू शकतो, असं यूट्यूबनेही म्हटलं.

फटका कुणाला बसतो, हे आपल्याकडच्या कलाकारांनी ओळखून असलेलं बरं. लांब व्हिडिओसोबतच्या जाहिरातीच्या कमाईतले ५५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात, शॉर्ट्सवर ४५. जाहिरात लागलीच नाही तर वाटायलाही काही नसतं. अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ पाहणाऱ्यांत साक्री-पिंपळनेरची मंडळी फोनवर आहेत, ती या भांडणात नाहीतच. संगणक उघडून अॅडब्लॉकर लावणारा असतो तो पुण्यात कंपनीत बसलेला किंवा परदेशी गेलेला खान्देशी पोरगा. जाहिरातदार अमेरिकेतल्या प्रेक्षकासाठी भारतातल्यापेक्षा पुष्कळ जास्त मोजतो. त्यामुळे भाषेच्या ओढीने गाणं लावणारा तोच नेमका कलाकाराचा महागडा प्रेक्षक अॅडब्लॉकरमागे लपलेला असतो. दुसरीकडे, यूट्यूबने २०२४ मध्ये नुसत्या जाहिरातींतून ३६ अब्ज डॉलरांवर कमाई केली, तेव्हा गरीब कलाकाराचं नाव पुढे करून कंपनी बोलते, ते ऐकताना जरा सबुरी ठेवावी.

पैसे भरणाऱ्याचं काय? यूट्यूब प्रीमियम भारतात मार्च २०१९ मध्ये महिना १२९ रुपयांना आलं, ऑगस्ट २०२४ मध्ये १४९ झालं. त्यातलाही वाटा, तुम्ही कुणाचं किती वेळ पाहिलं त्यानुसार, कलाकारांना जातो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ८९ रुपयांचं 'प्रीमियम लाइट' आलं. दुकानदार हल्ली तेच सुचवण्याची शक्यता जास्त, म्हणून अट नीट वाचा: संगीताचे व्हिडिओ आणि शॉर्ट्स यांवरच्या जाहिराती 'लाइट'मध्ये जात नाहीत. शेतीची माहिती, कीर्तन-प्रवचन, विनोदी एपिसोड पाहणाऱ्याला ते परवडेल. लग्नसराईत दिवसभर गाणी लावणाऱ्याने १४९ तरी मोजावेत, नाहीतर 'स्किप'च्या बटणावर बोट ठेवून बसावं.